संशोधक विद्यार्थ्याचा धनी कोण?

‘भागीदारी’ हा शब्द पूर्वीं वखारींत आणि पेढीवर ऐकूं येत असे. आतां तो विद्यापीठांच्या सभागृहांत जाऊन बसला आहे. सरकार म्हणतें, संशोधनास पैसा हवा असेल तर उद्योगपतींशीं भागीदारी करा. कुलगुरु म्हणतात, भागीदारीवांचून गत्यंतर नाहीं. आणि विभागप्रमुख पीएच.डी.साठीं आलेल्या नव्या विद्यार्थ्यास त्याच्या प्रश्नाविषयीं कांहीं विचारण्यापूर्वीं, त्यास भागीदार मिळाला आहे कीं नाहीं तें विचारतात. २०२३ सालीं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा संसदेनें मंजूर केला, तेव्हां पांच वर्षांत ५०,००० कोटि रुपये संशोधनाकडे वळतील असें सांगण्यांत आलें. वर्तमानपत्रांनीं हा आंकडा ठळक टाइपांत छापला. त्यांपैकीं सुमारें ३६,००० कोटि रुपये सरकारच्या तिजोरींतून नव्हे, तर उद्योगधंदे, धर्मादाय निधि व इतर दाते यांच्या खिशांतून यावयाचे आहेत, ही गोष्ट बारीक टाइपांत राहिली. त्या कायद्याचें संपूर्ण परीक्षण करण्याचा आमचा विचार नाहीं. कर्करोगावर संशोधन करावयास निघालेल्या तरुणाचें पांच-सहा वर्षांचें शिक्षण कोणाच्या पैशानें व्हावें, आणि त्या पैशाबरोबर त्याच्या प्रश्नावर व उत्तरावर कोणाचा हक्क चढतो, एवढ्याच गोष्टीचा विचार येथें करावयाचा आहे.

भागीदारीच्या पुरस्कर्त्यांचें म्हणणें आम्ही कमी लेखीत नाहीं. २०२२ सालच्या जागतिक अंदाजाप्रमाणें त्या एका वर्षांत भारतांत कर्करोगाचे सुमारें १४ लक्ष नवे रोगी निघाले व ९ लक्षांहून अधिक माणसें त्या रोगानें दगावलीं. एवढ्या शत्रूशीं झुंजावयाचें तर माणसें तयार केलीं पाहिजेत. तीं तयार होईपर्यंत त्यांना पोसलें पाहिजे. त्यांनीं पाळलेले उंदीर, कांचेच्या बशींत वाढविलेल्या पेशी, परदेशांतून बर्फांत घालून मागविलेलीं रसायनें, या सर्वांचा खर्च सोसला पाहिजे. एकट्या सरकारास हें पेलत नाहीं, किंवा पेलावयाचें नाहीं असें त्यानें ठरविलें आहे. मग ज्याच्याजवळ पैसा आहे त्याच्याकडे हात पसरण्यांत कमीपणा कसला? शिवाय, ते म्हणतात, कारखान्याशीं संबंध आलेला विद्यार्थी व्यवहार शिकतो. त्याचें संशोधन ग्रंथालयाच्या कपाटांत कुजत नाहीं, त्याचें औषध होतें आणि तें रोग्याच्या हातीं पडतें. आणि शेवटीं ठेवणींतला बाण निघतो: टाटांच्या पैशावांचून मुंबईंत कर्करोगाचें रुग्णालय तरी उभें राहिलें असतें काय?

हा बाण सोडणारांनीं तो आधीं हातांत धरून नीट पाहिला असता तर बरें झालें असतें. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. पुढच्या वर्षीं सर दोराबजींनीं त्यांच्या नांवें एक विश्वस्तनिधि स्थापिला. त्याच्या उत्पन्नांतील मोठा वाटा रक्ताच्या रोगांवर जगांत कोठेंही चाललेल्या संशोधनास मिळावा, व उरलेला हिंदी संशोधकांच्या कामीं यावा, अशी त्यांनीं व्यवस्था केली. ज्यांना हा पैसा जावयाचा त्यांचा टाटांच्या लोखंडाशीं, विजेशीं वा कापडाशीं काडीइतकाही संबंध नव्हता. सर दोराबजीही त्याच सालीं निवर्तले. त्यांच्या निधींतून परळ येथें बांधलेलें टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें, आणि तेथील प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हातीं आली. मुंबईंतील तोंडाच्या कर्करोगाच्या एका पाठोपाठ आलेल्या १,००० रोग्यांचा आढावा खानोलकरांनीं १९४४ सालीं अमेरिकेंतील एका नियतकालिकांत प्रसिद्ध केला. आपल्या देशांत या रोगाचा तंबाखू-पान चघळण्याच्या संवयीशीं असलेला संबंध शास्त्राच्या चौकटींत आणण्याचें श्रेय ज्यांस दिलें जातें त्यांत त्यांचें नांव अग्रभागीं आहे. त्या लेखापासून रुग्णालय बांधणारांस एक पैचाही नफा व्हावयाचा नव्हता.

याच प्रयोगशाळेंत पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत शिकलेल्या एक बाई आल्या. माहेरच्या कमल समर्थ, सासरच्या कमल रणदिवे. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखालीं काम करून त्या १९४९ सालीं मुंबई विद्यापीठाच्या पीएच.डी. झाल्या. मग त्यांच्याच उत्तेजनानें शिष्यवृत्ति मिळवून बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत जीवपेशी शरीराबाहेर जगविण्याची विद्या त्या शिकल्या, आणि परत येऊन त्यांनीं भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत तिची प्रयोगशाळा उभारली. हें केंद्र १९५२ सालीं स्थापन झालें होतें व खानोलकर त्याचे पहिले संचालक होते. रणदिवेबाईंच्या हाताखालीं पुढच्या पिढीचे विद्यार्थी शिकले. रुग्णालय १९५७ सालीं केंद्र सरकारच्या आरोग्यखात्याकडे गेलें, १९६२ सालीं अणुशक्तिखात्याकडे आलें, आणि १९६६ सालीं रुग्णालय व संशोधनसंस्था यांचें एकीकरण झालें. आज त्याच परंपरेंतील खारघरच्या संस्थेंत विद्यार्थी पीएच.डी.चें शिक्षण घेत आहेत. म्हणजे दात्यानें दिलें, संस्था पायावर उभी केली, आणि तो बाजूस झाला. आमचे प्रतिपक्षी ज्या उदाहरणाच्या जोरावर भागीदारीची तरफदारी करतात तें उदाहरण भागीदारीचें नाहींच. तें दानाचें आहे.

या दोहोंतला भेद शब्दांचा खेळ नव्हे. धर्माच्या गाईचे दांत मोजूं नयेत हें आम्हांसही मान्य आहे. पण ही गाय धर्माची आहे कोठें? ती अर्धेलीची आहे. अर्धेलीनें घेतलेल्या गाईचें दूध कोणी काढावें, वासरूं कोणाच्या गोठ्यांत जावें, हें आधीं ठरतें. आणि तें ठरवितांना ज्याच्या हातीं चारा असतो त्याचाच आवाज मोठा निघतो. दात्यास कीर्ति हवी असेल, पुण्य हवें असेल, मृत पत्नीची आठवण राहावी असें वाटत असेल. विद्यार्थ्यानें अमुकच उत्तर आणावें अशी त्याची गरज नसते. भागीदारास मात्र उत्तराची गरज असते. त्यास आम्ही दुष्ट म्हणत नाहीं. नफा पाहणें हा त्याचा धर्मच आहे, आणि भागधारकांचा पैसा तो निष्काम बुद्धीनें उधळूं लागला तर त्याचे भागधारकच त्यास जाब विचारतील. दोष असेल तर त्याच्याकडून निष्काम बुद्धीची अपेक्षा करणाऱ्या विद्यापीठाचा.

कोणी म्हणेल, पैसा कोणाचाही असो, शास्त्रज्ञ प्रामाणिक असला म्हणजे झालें. ही भोळी समजूत अमेरिकेनें फार महाग किंमत देऊन गमावली आहे. १९५४ च्या जानेवारींत तेथील सिगारेट-कंपन्यांनीं ४०० हून अधिक वर्तमानपत्रांत एक जाहीर निवेदन छापलें. धूम्रपानानें कर्करोग होतो असें सिद्ध झालेलें नाहीं, तरी लोकांच्या आरोग्याची आम्हांस सर्वांत अधिक काळजी आहे, म्हणून आम्ही या विषयाच्या संशोधनास पैसा देऊं, असा त्याचा मथितार्थ. त्यासाठीं समिति नेमली, व तिच्या शास्त्रीय कामाच्या प्रमुखपदीं क्लॅरेन्स कुक लिटल यांस बसविलें. हे गृहस्थ कोणी भाडोत्री वैदू नव्हते. उंदरांच्या आनुवंशिकतेचे ते नांवाजलेले अभ्यासक, मिशिगन विद्यापीठाचे माजी अध्यक्ष, आणि कर्करोग-निवारणासाठीं झटणाऱ्या अमेरिकन संस्थेचे माजी चालक. समितीचा पैसा गेला तो चांगल्या विद्यापीठांतल्या चांगल्या माणसांकडे. त्यांनीं खोटे आंकडे लिहिले असें कोणी म्हणत नाहीं. कर्करोगाचें मूळ आनुवंशिकतेंत आहे काय, विषाणूंत आहे काय, शरीराच्या घडणींत आहे काय, अशा प्रश्नांवर त्यांनीं खरीखुरी मेहनत केली. युक्ति एवढीच कीं, धूर आणि फुप्फुस यांचा संबंध काय, या प्रश्नाभोंवतीं इतर प्रश्नांची गर्दी उभी राहिली. त्या गर्दीकडे बोट दाखवून कंपन्या अनेक दशकें ‘अजून संशोधन चालू आहे’ असें सांगत राहिल्या. २००६ सालीं अमेरिकेंतील न्यायालयानें, या कंपन्यांनीं लोकांस वर्षानुवर्षें फसविलें, असा निकाल दिला. तोंपर्यंत किती चिता पेटल्या याचा हिशेब निकालपत्रांत बसण्यासारखा नव्हता.

म्हणून पैसा उत्तर विकत घेतो कीं नाहीं, हा वादच आम्हांस गौण वाटतो. उत्तर विकत घेणारा मूर्ख पैसा होय, तो पकडला जातो. शहाणा पैसा प्रश्न विकत घेतो, आणि त्यासाठीं कोणासही खोटें बोलावें लागत नाहीं. आणि प्रश्न विकत घेण्याचें सर्वांत स्वस्त ठिकाण म्हणजे पीएच.डी.चा विद्यार्थी. मुरलेल्या प्राध्यापकाचे विषय ठरलेले असतात. त्यास वळविणें कठीण. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलास अद्यापि प्रश्न सांपडावयाचा असतो. जो प्रश्न त्यास प्रथम दिला जातो तो पुष्कळदां जन्मभर त्याची सोबत करतो. त्यावरच तो पुढें नोकरी मिळवितो, त्यावरच स्वतःचे विद्यार्थी घेतो. एका शिष्यवृत्तीच्या अर्ध्या किंमतींत एक पिढी वळवितां येते, हें ज्या व्यापाऱ्यास कळलें तो खरा व्यापारी.

विलायतेंतील एक गोष्ट या संदर्भांत सांगण्याजोगी आहे. २००० सालीं नॉटिंगहॅम विद्यापीठानें ब्रिटिश अमेरिकन टोबॅको या कंपनीकडून ३८ लक्ष पौंड स्वीकारले, आणि तेही कशासाठीं, तर कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा अभ्यास करणारें केंद्र काढण्यासाठीं! (विनोदी लेखकाच्या लेखणींतून ही कल्पना उतरली असती तर संपादकानें ती अतिशयोक्ति म्हणून कापली असती.) ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’चे संपादक रिचर्ड स्मिथ त्या विद्यापीठांत मानद प्राध्यापक होते; त्यांनीं आपल्या वाचकांचा कौल मागितला, व त्याप्रमाणें २००१ सालीं प्राध्यापकपद सोडलें. कर्करोगावर काम करणारा एक संशोधकगट तें विद्यापीठ सोडून लंडनला गेला. पैसा आला होता व्यापारशिक्षणाच्या विभागास, आणि विद्यापीठानें गमावले ते कर्करोगाचे संशोधक! पैशास भिंती नसतात, तो एका खोलींत ठेवला म्हणजे दुसऱ्या खोलींत त्याचा वास येत नाहीं असें समजणारांनीं ही हकीकत वाचावी.

आतां घराकडे वळूं. २०१२ सालीं पंतप्रधानांच्या नांवानें डॉक्टरेटच्या संशोधनासाठीं एक शिष्यवृत्ति सुरू झाली. तिचें तत्त्व असें कीं, विद्यावेतनाचा अर्धा भाग सरकारनें द्यावा व अर्धा एखाद्या कंपनीनें. सरकारी मंडळ व उद्योगपतींची संघटना यांनीं मिळून ती चालविली. हेतु वाईट होता असें आम्ही म्हणणार नाहीं. विद्यार्थ्यास साध्या शिष्यवृत्तीपेक्षां अधिक रक्कम मिळावी हाही त्यांत हेतु होता. पण अर्ध्या वाट्याची कंपनी सांपडल्यावांचून ती शिष्यवृत्ति मिळावयाची नाहीं, ही अट घातल्याबरोबर प्रश्नाची निवड कोणाच्या हातीं गेली, हें सांगावयास नको. आणि आतां ३६,००० कोटींच्या आशेनें तीच रीत सर्वत्र चालूं होण्याची चिन्हें आहेत.

करारपत्रांत काय असतें? ज्ञानाच्या मालकीचें कलम असतें, पेटंटाचें असतें, गुप्ततेचें असतें, प्रसिद्धीपूर्वीं मसुदा कंपनीस दाखविण्याचें असतें. सह्या करतात विद्यापीठाचे कुलसचिव आणि कंपनीचे अधिकारी. ज्याच्या आयुष्याचीं पांच वर्षें त्या कागदांत बांधलीं जातात तो विद्यार्थी पुष्कळदां तो कागद पाहतही नाहीं. आमच्या कॉलेजांतून पदवी घेऊन पुढें कर्करोगाच्या संशोधनास गेलेली एक मुलगी आम्हांस भेटावयास येत असे. तिच्या शिष्यवृत्तीचा अर्धा भार एका औषधकंपनीनें उचलला होता. कंपनीच्या एका द्रव्याचा कर्कपेशींवर काय परिणाम होतो हें तिनें पाहावयाचें. तीन वर्षांनंतर उत्तर आलें: फारसा होत नाहीं. शास्त्राच्या दृष्टीनें हेंही उत्तरच. दुसऱ्या कोणी त्याच वाटेनें पैसा व रोगी खर्चीं घालूं नयेत म्हणून तें लवकर छापलें पाहिजे. कंपनीनें तें द्रव्य सोडून दिलें, वाटा थांबविला, आणि आंकडे मात्र प्रसिद्ध करूं नयेत असें कळविलें. मार्गदर्शक हळहळले व गप्प बसले. त्यांचा दुसरा एक प्रकल्प त्याच कंपनीकडे होता. ‘सर, मग माझा प्रबंध आहे तरी कोणाचा?’ असें तिनें विचारलें, त्यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. तिनें नवा विषय घेऊन दोन वर्षांनीं पदवी मिळविली. जुने आंकडे कोणत्या तरी संगणकांत पडून आहेत.

ही एका अनामिक मुलीची गोष्ट म्हणून कोणी झटकून टाकील, तर टोरोंटोच्या डॉ. नॅन्सी ऑलिव्हिएरी यांची जगजाहीर हकीकत घ्या. रोग निराळा, थॅलॅसेमिया. पण कलम तेंच. १९९६ सालीं एका नव्या औषधाविषयीं त्यांना शंका आली, व ती रोग्यांस कळविली पाहिजे असें त्यांनीं म्हटलें. तेव्हां पैसा पुरविणाऱ्या कंपनीनें प्रयोग बंद केले आणि गुप्ततेच्या कलमावर बोट ठेवून खटल्याची धमकी दिली. त्या नामांकित डॉक्टर होत्या, त्यांच्या पाठीशीं प्राध्यापकांच्या संघटना उभ्या राहिल्या, तरी त्यांना वर्षानुवर्षें भांडावें लागलें. ज्याचें महिन्याचें भाडें त्याच पैशावर अवलंबून आहे, ज्याच्या शिफारसपत्रावर मार्गदर्शकाची सही व्हावयाची आहे, त्या विद्यार्थ्यानें काय भांडावें? ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण त्यास कोणी शिकवावी लागत नाहीं.

याहून मोठें नुकसान डोळ्यांस दिसत नाहीं, कारण तें न विचारलेल्या प्रश्नांचें आहे. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग आपल्याकडे गरीब बायकांस फार होतो. टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारें दीड लक्ष स्त्रियांत एक प्रयोग चालविला. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांस कांहीं आठवड्यांचें शिक्षण देऊन आरोग्यसेविका केलें. त्यांनीं गर्भाशयमुखास अॅसेटिक आम्लाचा पातळ द्राव, म्हणजे स्वयंपाकघरांतील शिरका, लावावयाचा आणि पांढरा डाग उमटतो कीं काय तें नुसत्या डोळ्यांनीं पाहावयाचें. या तपासणीमुळें त्या कर्करोगाचे मृत्यु ३१ टक्क्यांनीं घटले, असें २०१३ सालीं जाहीर झालें. तुलनेसाठीं निवडलेल्या स्त्रियांस तपासणी मिळाली नाहीं याबद्दल या प्रयोगावर कडक टीका झाली, आणि ती आम्हांस अस्थानीं वाटत नाहीं. पण आमचा मुद्दा निराळा आहे. त्या प्रयोगास पैसा कोणी दिला? अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोगसंस्थेनें, म्हणजे तेथील करदात्यानें. शिरक्यावर पेटंट घेतां येत नाहीं. तेव्हां त्याच्या अभ्यासांत अर्धा वाटा घ्यावयास कोणता कारखानदार पुढें येणार होता?

दुसरें उदाहरण ताजें आहे. डॉ. राजेंद्र बडवे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ११ रुग्णालयांत मिळून सुमारें १,६०० स्त्रियांवर पाहिलें कीं, स्तनाच्या गांठीवर शस्त्रक्रिया करण्यापूर्वीं तिच्याभोंवतीं लिडोकेन हें नेहमींचें बधिर करणारें औषध टोंचलें तर काय होतें. पांच वर्षांनंतर जिवंत असणाऱ्यांचें प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलें. हा निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. तो इतरांनीं पुनः पडताळून पाहावा हें शास्त्रास धरूनच आहे. पण दंतवैद्याच्या कपाटांत सांपडणाऱ्या या स्वस्त औषधाचा पडताळा पाहण्यासाठीं विद्यार्थ्यास पांच वर्षें पोसण्यांत कोणत्या भागीदारास रस आहे? तोंडाचा कर्करोग आपल्या पुरुषांत सर्वांत अधिक. त्याचें कारण खानोलकरांच्या काळापासून ठाऊक आहे. पण माणूस गुटखा सोडतो कसा, सोडून पुनः धरतो कां, शाळेच्या दाराशीं पुडी विकणाऱ्यास कोणतें भय वाटतें, यावर प्रबंध लिहूं पाहणाऱ्या मुलीस ‘तुझा भागीदार कोण?’ असें विचारलें तर तिनें काय सांगावें? त्या प्रश्नांत ज्यांचा पैसा खरोखर गुंतलेला आहे ते म्हणजे गुटखेवाले!

येथें सरकारच्या बाजूचे लोक सुखावले असतील तर त्यांनीं घाई करूं नये. सरकारचेही हात धुतलेले नाहींत. सिगारेट विकणाऱ्या देशांतल्या सर्वांत मोठ्या कंपनीचे भाग सरकारी आयुर्विमा महामंडळानें बाळगले आहेत. म्हणजे परळास रोगी बरा करणारा आणि कलकत्त्यास लाभांश घेणारा एकाच घरचा. आणि विद्यार्थी कारखानदाराच्या दाराशीं जातो तो तरी हौसेनें जातो काय? २०१४ सालीं ठरलेलें २५,००० रुपयांचें विद्यावेतन चार वर्षें हाललें नाहीं. २०१८-१९ मध्यें देशभर विद्यार्थी रस्त्यावर आले तेव्हां तें ३१,००० झालें. नंतर पुनः चार वर्षें थांबून २०२३ पासून पहिल्या दोन वर्षांसाठीं ३७,००० व पुढें ४२,००० झालें. हें कागदावरचें. तें दरमहा हातीं पडतें असें कोणी समजूं नये. चार चार, सहा सहा महिने थकल्याच्या कहाण्या प्रत्येक वसतिगृहांत ऐकूं येतात, आणि इकडे मुंबईचा घरमालक भाडें थकवूं देत नाहीं. बरें, विद्यावेतनाची मुदत साधारणतः पांच वर्षें. उंदरांच्या शरीरांत गांठ वाढावयास आणि औषधानें ती ओसरावयास लागणारा काळ कांहीं सरकारी आर्थिक वर्षाप्रमाणें ३१ मार्चला संपत नाहीं. ज्या सरकारनें घरचें अन्न वेळेवर वाढलें नाहीं त्यानें मुलगा शेजाऱ्याकडे जेवतो म्हणून त्याचें कौतुक करावें, आणि त्यास ‘भागीदारी’ हें नांव द्यावें, याचा आम्हांस खरा राग आहे.

मग भागीदारी सर्वथा त्याज्य काय? तसें आमचें म्हणणें नाहीं. २०१८ सालीं भारत सरकारचें जैवतंत्रज्ञान खातें आणि ‘कॅन्सर रिसर्च यूके’ ही विलायतेंतील धर्मादाय संस्था यांनीं प्रत्येकीं ५० लक्ष पौंड घालून पांच वर्षांचा एक संयुक्त कार्यक्रम जाहीर केला. त्याचा विषय काय, तर सामान्य माणसाच्या आवांक्यांतले कर्करोगाचे उपाय. येथेंही दोन वाटेकरी होते, वाटाही निम्मेनिम्मा होता. पण दोघांपैकीं कोणासही माल खपवावयाचा नव्हता, आणि प्रश्न उघडपणें मांडला होता. शिवाय ही विलायती संस्था तंबाखूवाल्यांचा पैसा घेणाऱ्या संशोधकांस आपला पैसा देत नाहीं. लोकांच्या वर्गणीवर चालणारी संस्था हा कडकपणा पाळूं शकते, आणि करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या आमच्या विद्यापीठांस त्याची भीति वाटते, हें नवल आहे.

कारखानदारास संशोधक तयार करण्यासाठीं पैसा द्यावयाचा असेल तर त्यानें तो अवश्य द्यावा. पण तो अमुक विद्यार्थ्यास, अमुक द्रव्यासाठीं, असा देऊं नये. सर्वांचा पैसा एका राशींत पडावा, आणि त्या राशींतून कोणास, कोणत्या प्रश्नासाठीं द्यावयाचें हें ज्यांचा त्यांत कांहीं स्वार्थ नाहीं अशा माणसांनीं ठरवावें. असें केलें तर पैसा येणार नाहीं, असें व्यवहारज्ञ लोक म्हणतील. कांहीं येणार नाहींच. जो येणार नाहीं तो कशासाठीं येत होता हें तेवढ्यानें कळेल, आणि दोराबजींच्या जातीचा पैसा या देशांत अगदींच संपला आहे असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या ठिकाणीं एखाद्या कंपनीशीं प्रत्यक्ष करार करावाच लागेल तेथें विद्यार्थ्याचें विद्यावेतन कंपनीच्या मर्जीवर राहूं नये. ती मध्येंच निघून गेली तर उरलेलीं वर्षें विद्यापीठानें भरून द्यावीं, आणि ती जबाबदारी घेण्याची ऐपत नसेल तर सही करूं नये. पेटंटासाठीं प्रसिद्धि थांबवावयाची तर ती ठराविक महिन्यांपुरती, आणि प्रतिकूल उत्तर दाबून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही कलमानें कोणासही मिळूं नये. तंबाखूच्या पैशाविषयीं तर वाटाघाटीच नकोत.

आणि एक लहानशी गोष्ट, जिला खर्च कांहींच नाहीं. पीएच.डी.च्या प्रत्येक प्रबंधाच्या आरंभीं मार्गदर्शकाचें प्रमाणपत्र बांधलेलें असतें. हें काम विद्यार्थ्यानें स्वतः केलें आहे असें त्यांत लिहिलेलें असतें. त्याच्यापुढें आणखी दोन पानें बांधावीं, आणि ज्या करारावर त्या विद्यार्थ्याचें शिक्षण झालें तो करार त्यावर जसाच्या तसा छापावा. आम्ही गेल्या वर्षीं दोन विद्यापीठांस असे करार पाहावयास मागितले. एकाचें उत्तर आलें नाहीं. दुसऱ्यानें कळविलें कीं, ते गुप्त आहेत.